मागच्या सीटचं वजन

शालिकराम लांजेवारांची स्कूटर हनुमाननगरातल्या त्यांच्या गल्लीत शिरली, की पहिला आवाज इंजिनाचा येत नसे; मनकर्णाबाईंचा येत असे. गल्लीच्या तोंडाशी नळाच्या पाइपासाठी कोणीतरी कधीतरी खोदलेला आणि घाईघाईने बुजवलेला एक चर होता. त्यावरून मागचं चाक गेलं की "अगं माय वं!" असा खणखणीत आवाज उठे, आणि शेजारच्या कांताबाई आपल्या घरात चहाचं आधण ठेवत. लांजेवार नवराबायको बाजारातून परत आले, म्हणजे सहा वाजले, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बरा चालत असे.

स्कूटर जुनी होती असं समजू नका. सत्त्याहत्तरच्या दसऱ्याला घेतलेली, करकरीत नवी. नाव 'पवनदूत'. नंबर लावल्यापासून सहा वर्षांनी हाती आलेली. सहा वर्षांत माणसाच्या दोन बदल्या होतात, डोक्यावरचे केस जातात. शालिकरामांचं दोन्ही झालं, पण त्यांनी नंबर सोडला नाही. आणि या सहा वर्षांत मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. रामटेकला त्यांचं माहेर. तिथे स्कूटरवर मागे बसून जायचं आणि देवाजींच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, दारात उतरायचं. बस. साडी नाही, दागिना नाही.

"बाबा दारात उभे राहतीन," त्या सांगायच्या, "अन् मी आरामात उतरीन. पदर नीट करीन. मग आत जाईन."

एवढ्या बारकाईने त्यांनी ते उतरणं ठरवून ठेवलेलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी शालिकराम सदर भागातल्या स्कूटरच्या एजन्सीत हजर झाले. सोबत शेजारचे गोपाळराव. गोपाळराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ पत्करलेलं. त्यांच्या खिशात पंचांगाचं फाडलेलं पान होतं आणि त्या पानावर अकरा वीस ते अकरा पन्नास असा मुहूर्त होता. एजन्सीचे मालक चंद्रभानजी हात जोडून म्हणाले, "लांजेवारसाब, गाडी सकाळीच ट्रकवरून उतरली. अजून खोलून पाहिली नाही, सर्व्हिसिंग नाही झाली. उद्या या ना. एक दिवसात काय होते?"

"मुहूर्त उद्या येते काय?" गोपाळरावांनी विचारलं.

चंद्रभानजी म्हणाले की मग लिहून द्या. लिहून द्या! हे शब्द शालिकरामांना दुसऱ्यांदा सांगावे लागत नसत. सरकारी कचेऱ्यांत ते वीस वर्षं मसुदे लिहीत होते, सध्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत, आणि त्यांच्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवायची साहेबांची छाती नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे, काउंटरवर उभ्याउभ्या, लिहून दिलं की सदर वाहन मी आहे त्या स्थितीत, तपासणीवाचून, मुहूर्ताच्या कारणास्तव आणि सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर ताब्यात घेत आहे. 'सर्वस्वी' त्यांनी मागाहून घातलं, वाक्य जरा पोकळ वाटलं म्हणून. चंद्रभानजींनी कागद वाचला आणि कुलपात ठेवला.

आता लांजेवारांच्या घरची एक रीत इथे सांगितली पाहिजे. त्या घरात नवी वस्तू आली की तिचं वेष्टण काढत नसत. पंख्याच्या पात्यांना कंपनीचा खाकी कागद दोन उन्हाळे तसाच होता. पंखा फिरला की वर कोणीतरी पेपर वाचत बसल्यासारखा आवाज येई. लोखंडी कपाटाच्या मुठीवरचं प्लॅस्टिक इतकं जुनं झालं होतं की त्याखालच्या मुठीचा रंग घरात कोणालाच आठवत नव्हता. वेष्टण आहे तोवर वस्तू नवी, असं शालिकरामांचं मत होतं, आणि स्कूटर तर नवीच राहायला हवी होती. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच राहिलं. त्यावरून मनकर्णाबाई घसरत, पण ते सवयीने जमेल असं त्यांना सांगण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी त्या ओलं फडकं घेऊन गाडी पुसत होत्या. पुसता पुसता मागच्या चाकापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथं आत लाकडाचा तुकडा ठोकला हाये. त्याले लाल कागद बांधला हाये."

"कंपनीनं लावला असन," शालिकराम पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "हात नको लावू."

"स्कूटरले लाकूड कायले लागते?"

"तुले त्यातलं काय समजते? पुसून राहिली तं पूस."

मनकर्णाबाईंनी तो तुकडा नीट पुसला आणि त्यावरचा लाल कागद, कंपनीचं लिहिणं म्हणून न वाचताच, चुरगळू नये अशा बेताने हळूच बाजूला वळवला. पुढे चौदा महिने तो तिथे स्वच्छ राहिला, याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

त्या रविवारी दोघं रामटेकला निघाली. मनकर्णाबाईंनी खास त्या उतरण्यासाठी ठेवलेली मोरपंखी साडी नेसली होती. देवाजींना आधी कार्ड टाकलं होतं. शहर संपेपर्यंत मनकर्णाबाईंनी दात आवळून धरले. कामठीला त्यांनी विचारलं की रस्ता असाच आहे का. शालिकराम पुढे बसले होते, त्यांच्याकडचा धक्के झेलणारा शॉकअप उत्तम होता, त्यांनी रस्ता छान असल्याचं सांगितलं. मागे मात्र प्रत्येक खडा चाकातून, सीटमधून थेट मणक्यात येत होता. कन्हानच्या पुलाशी त्या म्हणाल्या, "थांबवा." उतरल्या. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पुलाच्या कठड्याशी उभ्या राहिल्या.

"मी यष्टीनं जाते," त्या म्हणाल्या.

शालिकरामांना अपमान वाटला. खरं तर तिच्या कमरेचं काय झालं ते आधी विचारायला हवं होतं, हे त्यांना पुढे कित्येकदा वाटलं. पण त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं की आपल्या नव्या गाडीवरून बायको उतरली आणि लोकांनी पाहिलं. ते गाडी वळवून घरी परतले. तिकडे रामटेकला देवाजी धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून दारात उभे, सोबत अर्धी आळी. दुपारी मुलगी स्टँडवरून पायी येताना दिसली.

"गाडी कुठं हाये वं?" देवाजींनी विचारलं.

"मागून येऊन राहिली, बाबा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यानंतर देवाजी प्रत्येक पत्रात गाडीची चौकशी करत, आणि मनकर्णाबाई प्रत्येक पत्रात ती मागून येऊन राहिल्याचं कळवत.

कोपऱ्यावर रामाजीचं गॅरेज होतं. रामाजी मिस्त्री एका सकाळी गाडी जाताना नुसता आवाज ऐकून म्हणाला, "साहेब, तुमचा शॉकअप काम करून नाही राहिला. दोन मिनिटं थांबा, खाली वाकून पाहतो."

दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांत ही सारी गोष्ट संपली असती. पण शालिकरामांनी वॉरंटीचा कागद पाठ केला होता. कंपनीच्या माणसाखेरीज इतर कोणी हत्यार लावलं तर वॉरंटी रद्द.

"हत्यार कुठं लावून राहिलो? डोळे लावतो फक्त."

"आज डोळे लावशील, उद्या पाना लावशील. अन् दुसरी गोष्ट, रामाजी, हा आता पुरावा झाला. पुराव्याले हात लावत नसतात."

हे पुरावा प्रकरण शालिकरामांना स्वतःलाच फार आवडलं. गाडी ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत कंपनीच्या माणसाने पाहिली पाहिजे, तोवर तिला कोणी बोट लावायचं नाही. एजन्सीने तीनदा फुकट सर्व्हिसिंगला बोलावलं. तीनदा शालिकरामांनी लेखी नकार दिला; म्हणे एजन्सी ही कंपनीचीच हस्तक आणि ती पुरावा नष्ट करील. रामाजी रोज सकाळी गाडी जाताना पाहायचा आणि मान हलवायचा. शेवटी शेवटी तर तो गाडीचा आवाज आला की आत जाऊन बसायचा. त्याला ते ऐकवत नसे.

तक्रारीचा पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. विषय: मागील धक्काशोषकाचा संपूर्ण असहकार व त्यामुळे प्रवाशाच्या जीवितास निर्माण झालेला धोका. सोबत 'धक्क्यांची नोंदवही' या नावाचं परिशिष्ट. तारीख, ठिकाण, धक्क्याचा प्रकार आणि शेवटच्या रकान्यात मागील प्रवाशाचे उद्गार. या रकान्यात ओळीने 'अगं माय वं' असंच होतं; एकदा फक्त 'मेली मी' होतं, त्याखाली शालिकरामांनी तांबड्या शाईने रेघ मारली होती.

गोपाळरावांचे सल्ले चालूच होते. मागच्या चाकात हवा कमी ठेवा. ठेवली, टायर बसलं. पुढे पायापाशी रेतीची थैली ठेवा, म्हणजे तोल सारखा होईल. ठेवली, थैली गळकी निघाली आणि तीन दिवस लांजेवार घरापासून कचेरीपर्यंत रेघ ओढत गेले. मग वहिनींनी उशीवर बसावं. मनकर्णाबाई उशीवर बसल्या. उशी प्लॅस्टिकवर, प्लॅस्टिक सीटवर. झाशी राणीच्या चौकात उशी एकीकडे गेली आणि त्या दुसरीकडे. लागलं नाही फारसं. पण एक सायकलवाला उशी घेऊन मागे धावत आला आणि भर चौकात ती शालिकरामांच्या हातात देत म्हणाला, "भाऊ, घरी झोपत जा ना." मनकर्णाबाई त्या वेळी हसल्या होत्या. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. तेव्हा अजून त्या हसत होत्या.

गाड्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीतही एक तक्रार गेली. तिथल्या निरीक्षकाने छापील फॉर्म काढला. ब्रेक आहे? आहे. हॉर्न? आहे. दिवा? आहे. मग तक्रार काय? धक्का बसतो. निरीक्षकाने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि धक्क्याला रकाना नसल्याचं सांगितलं. शालिकरामांना यात वावगं काही वाटलं नाही. रकानाच नाही म्हटल्यावर माणूस तरी काय करील, असं त्यांनी घरी येऊन मनकर्णाबाईंना समजावलं.

सातव्या महिन्यात कंपनीचं पहिलं उत्तर आलं. सुंदर जाड कागद. कंपनीने लिहिलं होतं की मागच्या सीटवरचं वजन पंच्याहत्तर किलोपेक्षा अधिक असल्यास धक्काशोषक नीट काम करत नाही, तरी मागील प्रवाशाच्या वजनाचा प्रमाणित दाखला जोडावा.

"डॉक्टरचं सर्टिफिकेट लावा," गोपाळराव म्हणाले.

"डॉक्टर 'अंदाजे' लिहितात," शालिकराम म्हणाले. "अंदाजे चालणार नाही. सरकारी शिक्क्याचा काटा पाहिजे."

असा शिक्क्याचा काटा लकडगंजात एका धान्याच्या आडतीवर होता. तिथले मुनीम धोंडबा शालिकरामांच्या ओळखीचे. दरवर्षी वजन-मापवाले येऊन त्या काट्यावर शिक्का मारून जात, आणि त्याच्या छापील पावतीला कोर्टातही मान होता, असं धोंडबांचं म्हणणं.

शनिवारी दुपारी शालिकराम घरी येऊन म्हणाले, "चल, लकडगंजले जाऊन येऊ." कशाला ते सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि मनकर्णाबाईंना वाटलं, इतक्या महिन्यांनी नवरा आपणहून कुठे तरी नेतो म्हणतोय. त्यांनी ती मोरपंखी साडी नेसली.

आडतीवर तुरीची पोती उतरत होती. सात-आठ हमाल, दोन दलाल, एक बैल. काट्याच्या लोखंडी पाट्यासमोर शालिकराम म्हणाले, "हं, उभी राहा याच्यावर."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हमालांकडे पाहिलं. "काहून?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

"कंपनीले पाहिजे. दोन मिनिटांचं काम हाये."

त्या चढल्या. चपला काढून चढल्या, देवळात चढतात तशा. हमाल पोती खाली ठेवून थांबले. धोंडबांनी नेहमीच्या सवयीने काटा सरकवला आणि नेहमीच्याच आवाजात, म्हणजे पलीकडच्या चार दुकानांना ऐकू जाईल असा पुकारा केला, "चौपन्न!" मग पावतीपुस्तक उघडलं.

"मालाचं नाव काय लिहू?"

शालिकराम क्षणभर विचारात पडले. रकाना कोरा ठेवणं त्यांना पटणारं नव्हतं. "सौभाग्यवती लांजेवार, लिहा."

"नग?"

"एक."

धोंडबांनी लिहिलं आणि पुढे सवयीने, काहीही वाईट मनात नसताना, पोत्याचं वजन म्हणून एक किलो कापला. "बारदाना वजा," ते पुटपुटले, "निव्वळ त्रेपन्न." एक हमाल हसला. मग सगळे हसले. धोंडबांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली, पण पावती फाटून शालिकरामांच्या हातात गेली होती.

इथे एखाद्या माणसाने काय करावं? त्या हमालाकडे रागाने पाहावं, पावती फाडावी, निदान बायकोला हात देऊन खाली तरी उतरवावं. शालिकराम पावती वाचून खूश झाले. "त्रेपन्न!" ते म्हणाले. "म्हणजे अजून एक किलो आपल्या बाजूनं."

मनकर्णाबाई स्वतःच उतरल्या आणि चपला घालून स्कूटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

येताना त्या मागे बसल्या. गल्लीच्या तोंडाशी चाक त्या चरावरून गेलं, धाडकन गेलं, आणि मागून काही आवाज आला नाही. कांताबाईंचा त्या दिवशी चहा राहिला. शालिकरामांनी घरी येऊन नोंदवहीत लिहिलं: 'आज धक्का कमी.'

सोमवारी त्यांनी पावतीच्या तीन नकला केल्या, कचेरीतून साक्षांकित करून आणल्या आणि पडवीत बसून गोपाळरावांना मोठ्याने वाचून दाखवल्या. माल, नग, बारदाना, सगळं. गोपाळरावांच्या मालधक्क्यावरच्या जुन्या जिवाला बारदाना ऐकून भरून आलं. त्यांनी तो मजकूर गल्लीभर सांगितला. नळावर कांताबाईंनी विचारलं, "काय वं मनकर्णा, त्रेपन्न भरली म्हणते? बारदाना मोरपंखी होता काय?" कांताबाई मनाने वाईट नव्हत्या. पण बोलून गेल्या.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई स्कूटरवर बसल्या नाहीत. बाजारात पायी, लग्नाकार्याला रिक्षाने, रामटेकला यष्टीने. शालिकरामांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नाही बसत मी." शालिकरामांना वाटलं, शॉकअप. याहून वेगळं कारण असू शकतं हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. त्यांनी उलट पुढच्या पत्रात एक स्वतंत्र परिच्छेद घातला: 'वाहनाच्या सदोषतेमुळे अर्जदाराच्या पत्नीने मागील आसनाचा वापर कायमचा बंद केला आहे.' परिच्छेद त्यांना इतका जोरदार वाटला की तो त्यांनी मनकर्णाबाईंनाही वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

आणि तो परिच्छेद खरंच लागू पडला. चौदाव्या महिन्यात कंपनीचा इंजिनिअर आला. टाय बांधलेला तरुण, हातात चामडी बॅग, सोबत चंद्रभानजी. गल्ली पडवीपुढे जमली. गोपाळराव कोट घालून आले. रामाजीसुद्धा गॅरेज सोडून आला आणि लांब उभा राहिला. शालिकरामांनी स्टुलावर फाइल ठेवली होती. ती दोन विटांएवढी जाड झाली होती. त्यांनी प्रस्तावना सुरू केली. इंजिनिअर ऐकता ऐकता गुडघ्यावर बसला, मान तिरकी करून चाकामागे पाहिलं आणि म्हणाला, "हातोडी आहे का कोणाकडे?"

रामाजीने हातोडी दिली. इंजिनिअरने दोन ठोके मारले. तिसरा मारावा लागला नाही. वीतभर लांबीचा सागवानी ठोकळा टपकन खाली पडला. त्याला लाल कागद बांधलेला होता. इंजिनिअरने तो झटकला आणि वाचला. कारखान्यातून ट्रकने येताना गाड्या आदळू नयेत म्हणून शॉकअप या ठोकळ्याने जाम केलेला असतो. वापरण्यापूर्वी हा काढावा, असं त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहिलं होतं. कागद चौदा महिने रोज पुसल्यामुळे अक्षरं लख्ख वाचता येत होती.

"पण हे तर पहिल्या सर्व्हिसिंगला एजन्सीने काढायचं असतं," इंजिनिअर चंद्रभानजींकडे वळून म्हणाला.

चंद्रभानजींनी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. आहे त्या स्थितीत, तपासणीवाचून, सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर. इंजिनिअरने तो दोनदा वाचला. "मसुदा छान आहे," तो म्हणाला.

शालिकरामांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात मनकर्णाबाई उभ्या होत्या. आता ती बोलणार, त्यांना वाटलं. 'मी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं' असं म्हणणार, सगळ्या गल्लीसमोर, आणि तिने म्हणावंच. त्यांना खरोखर वाटत होतं की तिने म्हणावं. म्हटलं असतं तर ते रागावले असते, ती रागावली असती, आणि कुठेतरी काहीतरी मिटलं असतं. मनकर्णाबाईंनी ठोकळ्याकडे पाहिलं, इंजिनिअरकडे पाहिलं, आणि आत जाऊन पाहुण्यांसाठी पोहे भिजवले.

पाहुणे गेल्यावर गोपाळराव चाचणीसाठी मागे बसले. त्यांचं बूड टेकताच गाडी हळूच खाली दबली आणि पुन्हा वर आली. शालिकराम दचकले. मागे माणूस बसलं की गाडीला ते असं कळतं, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. ती सात महिने आपल्या मागे बसत होती, आणि ती बसली की उतरली हे आपल्याला कधी जाणवलंही नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. चरावरून गाडी अशी गेली की गोपाळराव "वा!" म्हणाले.

शालिकरामांनी त्याच संध्याकाळी सीटवरचं प्लॅस्टिक फाडून काढलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"रविवारी रामटेकले जाऊ. गाडीनं. आता काही त्रास नाही होनार."

मनकर्णाबाई पोळी लाटत होत्या. "तुमी या गाडीनं," त्या म्हणाल्या. "मी यष्टीनं येते."

"अवं, पण धक्का बंद झाला ना आता."

"मी धक्क्यापायी नाही सोडलं बसनं." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "धक्के खातच होती ना मी? काही म्हटलं काय? त्या काट्यावर ते लोक हसले, अन् तुमी खुश झाले. एक किलो कमी भरली म्हणून." पोळी उलटली. "तवापासून मले त्या सीटवर बसलं का तो काटाच वाटते."

शालिकराम तोंडाने माफी मागणारे गृहस्थ नव्हते, त्यांच्या पिढीत ती पद्धत नव्हती. पण त्या रात्री जेवताना त्यांनी दोन पोळ्या कमी खाल्ल्या आणि ते फाइलीतून धोंडबाची पावती काढून फाडायला गेले. पावती फाटली. नकला मात्र तीन होत्या, साक्षांकित, आणि तिन्ही कंपनीच्या दप्तरी गेलेल्या.

रविवारी ते एकटे स्कूटरवर रामटेकला पोचले. रस्ता कधी संपला कळलं नाही. देवाजी दारात होते, धुतलेल्या धोतरात. त्यांनी गाडीला हात लावून पाहिलं, हॉर्न वाजवून पाहिला, मग मागच्या सीटकडे पाहिलं.

"अन् मनकर्णा कुठं हाये गा, जावईबापू?"

शालिकराम म्हणाले, "मागून येऊन राहिली."

ती तासाभराने आली. दोन दिवस राहून निघताना देवाजींनी नव्या चिनोर तांदळाचं पोतं बाहेर काढलं. "पन्नास किलो हाये. बसते काय तुमच्या गाडीवर?"

बसत नाही असं म्हणायला शालिकरामांना तोंड नव्हतं. चौपन्न बसतं हे त्यांनी स्वतः सिद्ध केलं होतं. पोतं मागच्या सीटवर ठेवून दोरीने बांधलं तेव्हा गाडी हळूच खाली दबली. मनकर्णाबाई तेव्हा पिशवी घेऊन स्टँडकडे निघाल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं, पोतं नीट बांधलंय की नाही ते पाहिलं, आणि पुढे गेल्या.

मनसर, कन्हान, कामठी. पन्नास किलोमीटर ते पोतं मागे गादीवर बसल्यासारखं आलं. एकदाही हललं नाही. गल्लीच्या तोंडाशी चरावरून चाक गेलं ते कोणालाच कळलं नाही. कांताबाईंनी डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. शालिकरामांनी पोतं आत ठेवलं आणि पायरीवर येऊन बसले. दुपारची यष्टी खच्चून भरलेली असते. तिला बहुतेक मागची सीट मिळाली असणार, चाकावरची. ते तसेच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा वळली, चरावर धाडकन आदळली, आणि आवाज आला, "अगं माय वं!"

शेजारी कांताबाईंनी चहाचं आधण ठेवलं.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून रिक्षातून उतरल्या. पदर नीट केला. मग पायरीपाशी येऊन त्यांनी विचारलं, "तांदूळ आले काय बरोबर?"

"आले," शालिकराम म्हणाले. "एक दाना नाही सांडला."